कोणीही म्हणजे कोणीही

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. आम्ही सर्व येथे ठीक आहोत आणि तूही तसाच असशील, असे गृहीत धरून लिहीत आहे. चौदा महिन्यांतले हे माझे तुला पहिले पत्र. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातले तुझे पत्र मला वेळेवर मिळाले होते. उत्तर द्यायचे राहून गेले. कामाची गडबड होती, असे म्हणतो.

आईचा गुडघा आता बरा आहे, जिना मात्र ती एका बाजूने उतरते. तू तिला दुपारी, म्हणजे मी कचेरीत असतो त्या वेळेला, फोन करतोस हे मला माहीत आहे. ती मला सांगत नाही. पण त्या दिवशी तिचा चष्मा फोनपाशी राहिलेला असतो आणि संध्याकाळी ती तो घरभर शोधते. दुकान कसे चालले आहे, हे मला तिच्या स्वरावरून कळते. बरे चालले असावे.

तुझी वहिनी आत्ताच मागून वाचून गेली. म्हणाली, "भावाला पत्र लिहिताय की नोटीस? वर जावक क्रमांक तेवढा राहिलाय." तिचे म्हणणे अगदीच चूक नाही. तीस वर्षे एकाच प्रकारची पत्रे लिहिली की हात दुसरे काही लिहीत नाही.

मी ३१ तारखेला निवृत्त होत आहे. प्रयोगशाळेचे दप्तर हवाली करायचे काम सध्या सुरू आहे. तुझ्या टेबलावर आता एक नवी तंत्रज्ञ आहे, हुशार आणि जराशी आगाऊ. विजेचे ठोके सोडणाऱ्या त्या दोन पल्स-यंत्रांना तू ठेवलेली नावे तिने तशीच चालू ठेवली आहेत. पहिले यंत्र 'हाक', दुसरे 'ओ'. परवा एका पाहुण्याला ती समजावत होती, "हे ट्रिगर देतं, म्हणजे हाक मारतं. ते हाक ऐकतं, बरोबर पंचवीस मिलिसेकंद थांबतं आणि मग आपला पल्स सोडतं. हाक न ऐकता ओ दिली, तर टेस्टला काही अर्थ नाही." तू नव्या माणसांना हेच, जवळजवळ याच शब्दांत सांगायचास. मी दाराशी उभा होतो. आत गेलो नाही.

आता कामाचे. तू शर्टाच्या खिशात एक तपकिरी वही ठेवायचास आणि कामगाराचा हात वाचवायला मशीनवर लावायच्या प्रत्येक गार्डच्या क्रमांकापुढे चाचणीची वेळ टिपायचास. आपल्या अधिकृत कागदावर वेळेचा रकानाच नाही. तो असावा असे तू दोनदा सुचवले होतेस आणि जागा नाही म्हणून मीच तो नाकारला होता. गेल्या वर्षीच्या २१ ऑगस्टचे पान मला हवे आहे. त्यातही विशेषतः गार्ड क्रमांक २१७ हा चारला वीज क्षणभर जाऊन दिवे लुकलुकले त्याच्या आधी तपासला की नंतर, एवढेच पाहायचे आहे. कागदावर तो पहिल्या यादीत, शेवटून दुसरा आहे. दिवे जाऊन आल्यावर तू नियमाप्रमाणे नवी यादी सुरू केलीस. परंतु एखाद-दोन गार्ड तपासून मग नवा कागद घेतला, असे घडले असण्याची शक्यता मला वाटते.

कारण केवळ दप्तरी आहे. फाइल बंद करताना प्रश्न राहू नये, इतकेच. २१७ हा एका कारखान्यातून परत आला आहे, म्हणून त्याचा उल्लेख केला. त्यात विशेष काही नाही.

वही रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावीस.

तुझा,
दादा


गुरुवार, ९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तुझे कार्ड काल पोचले. त्यात दोनच वाक्ये आहेत: "दादा, चारची चूक माझी होती आणि ती मी कबूल केली आहे. आता वेळा कशाला हव्यात?"

प्रश्न योग्य आहे. पहिल्या पत्रात मी त्याचे उत्तर दिले, ते अपुरे होते. म्हणून सविस्तर लिहितो.

२९ सप्टेंबरला एका पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात कापणी-यंत्राचे पाते खाली आले, तेव्हा ते चालवणाऱ्या बाईंचा हात आत होता. गार्डने यंत्र थांबवायला हवे होते. थांबवले नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांची वरची पेरे गेली. तो गार्ड २१७. त्याच्यावर आपला शिक्का आहे आणि शिक्क्याखाली तुझी व माझी सही आहे.

नव्या तंत्रज्ञाने तो परत टेबलावर लावला. आत आलेला हात ओळखणाऱ्या त्याच्या दोन डोळ्यांपैकी एक उशिरा उठतो. दोन डोळ्यांच्या उत्तरांत वीस मिलिसेकंदांहून अधिक फरक पडला, तर गार्डने काहीतरी बिघडले आहे असे समजून यंत्र थांबवून ठेवले पाहिजे. म्हणून तर आपण 'ओ'ला पंचवीसवर बांधतो, जेमतेम पाचने जास्त. २१७ पंचवीसला यंत्र थांबवत नाही. चाळीसलाही थांबवत नाही. साठ ओलांडल्यावर थांबवतो. म्हणजे आपल्या टेबलावर तो नापासच व्हायला हवा होता. तो पास झाला, याचा अर्थ त्या वेळी 'ओ' हाक ऐकत नव्हते. ते स्वतःच्या घड्याळावर चालले होते आणि अंतर पंचवीस नव्हते, साठच्या पलीकडे कुठेतरी होते. पल्स सेकंदाला पाच असल्याने डोळ्याला दोन्ही दिवे एकत्रच लुकलुकताना दिसतात. पल्सची रेघ दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर पाहिल्याशिवाय कळत नाही.

तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "साहेब, हे म्हणजे राखणदाराच्या कानाशी ढोल बडवायचा आणि तो जागा आहे म्हणून दाखला द्यायचा, त्यातलं झालं." मी तिला शब्द जपून वापरायला सांगितले.

चौकशी समितीने काय ठरवले होते, ते तुला माहीतच आहे. चारला दिवे लुकलुकले, 'ओ' बंद होऊन पुन्हा सुरू झाले, सुरू होताना ते आपोआप इंटर्नलवर, म्हणजे स्वतःच्या घड्याळावर गेले, आणि तू स्कोप पाहिला नाहीस. म्हणून चारनंतरचे सहा गार्ड आपण परत मागवले आणि पुन्हा तपासले. बाराला चाचणी सुरू झाल्यापासून चारपर्यंतचे चाळीस तसेच राहिले. ते चांगलेच समजले गेले.

२१७ त्या चाळिसांत आहे. म्हणून वेळ हवी. तो चारनंतर तपासून चुकून जुन्या यादीत उतरला असेल, तर समितीचा निष्कर्ष कायम राहतो. त्याच्या मागचा-पुढचा मिळून दोन-तीन गार्ड परत मागवले की विषय संपतो. संचालकांचेही तेच मत आहे. सोमवारी त्यांनी मला बोलावले होते.

"दोन-तीन मागवू, बदलून देऊ, विषय मिटवा," ते म्हणाले.

मी विचारले, "आणि तो आधीचा निघाला तर?"

"कसा निघेल? यंत्र दिवे गेल्यावरच बिघडलं ना? की आधीच बिघडलेलं होतं? तसं असेल तर कारण लेखी द्या, मी चाळीसच्या चाळीस मागवतो. बिनकारणाचं मी अकरा कारखान्यांना काय सांगू? आमचं डोकं फिरलंय?"

मी म्हणालो, वेळेची नोंद मिळवतो.

दुसरा प्रश्न तंत्रज्ञ मुलीने विचारला. फाइल वाचता वाचता मान वर न करता म्हणाली, "साहेब, त्या दिवशी चारच्या आधी 'ओ' कोणी बंद केलं होतं का? बंद करून चालू केलं, तरी ते इंटर्नलवरच जातं."

मी उत्तर दिले, "चौकशीच्या कागदांत तशी नोंद नाही."

हे उत्तर शब्दशः खरे आहे.

एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहायची राहिली. त्या बाईंच्या शेजारच्या यंत्रावर त्यांची जाऊ बसते. त्या यंत्रावर २१४ लावलेला आहे. पर्यवेक्षकाने फोनवर सांगितले की बाई शुद्धीवर आल्यावर पहिले वाक्य हेच बोलल्या: "तिला तिथं बसवू नका." त्याने मला विचारले, "बसवू ना? २१४ ठीक आहे ना, साहेब?" मी सांगितले की तपासणी चालू आहे, तोवर काळजी घ्यावी. काळजी म्हणजे नेमके काय, हे त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

वही लवकर पाठव. आई तुझ्या कार्डावरून दोनदा हात फिरवून गेली. तिला अक्षरे दिसत नाहीत, पण तुझे आहे हे कळले. "काय लिहितोय?" असे विचारले. मी सांगितले, बरा आहे.

तुझा,
दादा


बुधवार, १५ ऑक्टोबर

धाकट्या,

वही सोमवारी सकाळी अकराला मिळाली. सोबत चिठ्ठी नव्हती आणि ती नसणे मला समजले.

२१ ऑगस्टचे पान मी उभ्यानेच उघडले. २१७ पुढे वेळ आहे ३.४१. त्याच्या दोन ओळी खाली तू लिहिले आहेस, "४.०३ दिवे लुकलुकले." म्हणजे २१७ दिवे जाण्याच्या बावीस मिनिटे आधी तपासलेला आहे. माझी शक्यता संपली. वही मिटायला हवी होती. तसे न करता मी पान वरपासून वाचायला घेतले. कोणताही कागद अर्धा वाचून ठेवायचा नाही, ही माझी सवय तुला माहीत आहे.

"११.१५ जोडणी पूर्ण. स्कोपवर दोन्ही पल्स पाहिले. अंतर २५. ठीक."

त्याखाली: "११.४० दादा मालमत्ता तपासणीसाठी आले. हाक व ओ दोन्ही बाहेर काढून मागचे क्रमांक पाहिले. जोडणी त्यांनीच परत केली. पुन्हा स्कोप पाहिला नाही. दादांचा हात आहे."

ही ओळ मी किती वेळा वाचली, हे सांगता येणार नाही. मोजले नाही.

आता जे चौदा महिने लिहिले नाही, ते क्रमाने लिहितो.

त्या दिवशी ११.४० ला मी मालमत्तेची वही घेऊन तुझ्या टेबलाशी आलो. वर्षातून एकदा प्रत्येक वस्तू डोळ्यांनी पाहून खूण करायची, हा नियम मीच घातलेला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. यंत्रांच्या पाठीवरचे क्रमांक मला कळतात, पोटातले नाही. 'ओ'चा क्रमांक मागच्या बाजूला, भिंतीकडे होता. चालू यंत्र हलवायचे नाही, हे मला शिकवलेले होते. म्हणून मी ते आधी बंद केले. केबल काढली. यंत्र पुढे ओढून क्रमांक वाचला आणि खूण केली. मग यंत्र जागच्या जागी सरकवले, केबल त्याच खाचेत घट्ट बसवली आणि यंत्र चालू केले. दिवा लुकलुकू लागला. शेजारचाही लुकलुकत होता. मला समाधान वाटले. तू टेबलाच्या पलीकडे गार्ड मांडत होतास आणि म्हणालास, "दादा, राहू द्या, मी लावतो." मी म्हणालो, "तुझ्याइतकंच मलाही जमतं." तू हसलास.

केबल मी बरोबर लावली होती. चूक केबलची नव्हती. यंत्र सावधपणे बंद केले, हीच चूक होती. जरा बेफिकीर माणूस असता, तर त्याने ते चालूच पुढे ओढले असते आणि काही बिघडले नसते. त्यानंतर बारा ते चार जे चाळीस गार्ड गेले, त्यांना 'ओ'ने एकदाही हाकेनुसार उत्तर दिले नाही. दिवे गेले तेव्हा बिघडायचे काही उरलेच नव्हते.

तुझ्या टेबलावर काचेखाली एक कागद होता: "यंत्राला कोणीही हात लावला, तर आधी स्कोपवर दोन्ही पल्स पाहा, मग पुढे जा. कोणीही म्हणजे कोणीही." मजकूर तुझा. स्वच्छ टंकलिखित करून काचेखाली मीच घातला होता. शेवटचे वाक्य अनावश्यक आहे, असे म्हणून मी ते काढायला सांगितले होते. तू हट्टाने ठेवलेस. आणि मग ज्या एका माणसासाठी ते लागणार होते, त्याच्याकरिता तूच ते पाळले नाहीस.

चौकशीत लेखनिक म्हणून मी बसलो. सख्ख्या भावाच्या चौकशीत बसू नये, हे मी संचालकांना म्हटले होते. ते म्हणाले, "तुमच्यावर कोण शंका घेणार?" तेवढे ऐकून मला बरे वाटले, हेही लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी तुला प्रश्न आला, "त्या दिवशी तुझ्याशिवाय यंत्रांना कोणी हात लावला होता का?" तू म्हणालास, "नाही, बाहेरचं कोणी नाही." मी कागदावर लिहिले, "नाही." तुझ्या मनात मी 'कोणी' नव्हतोच. माझ्या मनात मात्र क्षणभर ११.४० येऊन गेले. केबल घट्ट बसवली होती, म्हणून ते गैरलागू ठरवून मी पुढचा प्रश्न उतरवला. तिथवर मी चुकलो होतो, पण खोटा नव्हतो.

खोटेपणाची तारीख ११ सप्टेंबर आहे. तुला काढून बारा दिवस झाले होते. यंत्रांची माहितीपुस्तके दप्तरात घेताना पाने पूर्ण आहेत ना, हे मी मोजत होतो. 'ओ'च्या पुस्तकात अडतिसाव्या पानावर तुझी तांबड्या पेन्सिलीची रेघ होती: यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यास ट्रिगर इंटर्नलवर जातो. मी ते वाचले. मग उरलेली पाने मोजली. बासष्ट, पूर्ण. तशी खूण केली आणि पुस्तक कपाटात ठेवले.

तीन दिवसांनी तुझे पत्र आले. "दादा, माझ्यामुळे तुमची मान खाली गेली. तुम्ही मला या नोकरीत आणलंत आणि मी तुमच्या नावाला बट्टा लावला. जमलं तर क्षमा करा." कामाची गडबड नव्हती. त्या पत्राला देण्यासारखे एकच उत्तर होते आणि ते द्यायचे नव्हते, म्हणून दिले नाही. तुला तुझ्या चुकीवर विश्वास ठेवू दिला. त्या चाळीस गार्डांना मी अकरा कारखान्यांत तसेच राहू दिले. दररोज सकाळी मी स्वतःला सांगत असे की इतके दिवस काही झाले नाही, त्या अर्थी ते सगळे मुळात चांगलेच असणार. अडतीस तसे असतीलही. गार्ड चांगला निघणे हा त्याच्या कारखान्याचा गुण. आपला शिक्का त्यावर कोऱ्या कागदाइतकाच खरा होता.

आणि या महिन्याची ३ तारीख. बोटे गेल्याला चार दिवस झाले होते आणि मी तुला "त्यात विशेष काही नाही" असे लिहिले. तुझ्या वहीची वाट पाहणे हा सावधपणा आहे, असे मी सगळ्यांना सांगितले. तो सावधपणा नव्हता. २१७ चार वाजल्यानंतरचा निघावा, एवढीच माझी इच्छा होती. त्या इच्छेपायी ती जाऊ आणखी अकरा दिवस २१४ खाली हात घालत राहिली.

सोमवारी वही मिळाल्यावरही मी ताबडतोब उठलो नाही. वही फक्त मी पाहिली होती. खणाला कुलूप होते. संचालकांना तीन क्रमांक सांगितले असते, तर ३१ तारखेला हार घालून मला घरी पाठवले असते. मी घरी आलो. जेवताना तुझी वहिनी म्हणाली, "ताटात बघा. फाइल नाहीये ती." मग हात थांबवून तिने विचारले, "धाकट्याचं काही आहे का?" मी हो म्हणालो. "तुमचं आहे की त्याचं?" तिने विचारले. मी म्हणालो, "माझं." तिने पुन्हा वाढायला घेतले. आई आत होती, पण तिने आतून सगळे ऐकले असावे, कारण सकाळी माझ्या पिशवीत डबा ठेवताना ती म्हणाली, "त्याला लिहिशील ते नीट लिही."

मंगळवारी दहाला मी संचालकांपुढे तीन पानांचे निवेदन ठेवले. सोबत तुझ्या वहीच्या त्या पानाची प्रत, सगळ्या ओळींसह. त्यांनी ते वाचून उलटे ठेवले.

"अहो, पंधरा दिवस राहिलेत तुमचे. हे तुम्ही मला दिलंच नाही, असं समजू का?"

"नाही. दोन प्रती आणल्या आहेत. एकीवर पोच द्या."

"भावासाठी करताय?"

"भावासाठी करायचं तर चौदा महिन्यांपूर्वी करायचं होतं. चाळीस मशीन आहेत. एक माणूस जायबंदी आहे. तुम्ही लेखी कारण मागितलं होतं. ते हे."

त्यांनी पोच दिली. मग आम्ही तिघे, ते, मी आणि तंत्रज्ञ मुलगी, तीन फोन घेऊन बसलो. पहिला फोन मी खोक्यांच्या कारखान्यात केला आणि पर्यवेक्षकाला सांगितले, "२१४ ठीक नाही. मशीन आत्ता बंद करा. मी लाइनवर आहे, बंद करून या." तो गेला आणि मी ऐकत राहिलो. मागचा खडखडाट चालू होता. मग तो थांबला.

२१४ आज दुपारी आमच्या टेबलावर आला. मुलीने आधी स्कोप पाहिला, मग लावला. पंचवीसला यंत्र थांबवले नाही. पन्नासलाही नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "साहेब, त्या बाईंचं नशीब." त्या जावेची बोटे शाबूत आहेत, यात माझे कर्तृत्व शून्य आहे. ते मी कुठेही माझ्या बाजूला मांडणार नाही.

२१७ वगळता एकूण एकोणचाळीस. त्यांतली सदतीस यंत्रे काल संध्याकाळपर्यंत बंद झाली. दोन गार्ड एका लहान पत्रा-कारखान्यात आहेत. तिथला फोन उचलला जात नाही. तार-संदेश सगळे झाले. उद्या सकाळच्या पहिल्या बसने मी आणि तंत्रज्ञ मुलगी तिकडे जात आहोत. मशीन बंद केल्याशिवाय परत येणार नाही.

तुझ्यासंबंधीचा जुना निष्कर्ष रद्द करण्याची शिफारस निवेदनात आहे. तुला परत बोलावतील, असे दिसते. यायचे की नाही, ते तू ठरव. ये, असे म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाही. माझ्यावर स्वतंत्र चौकशी बसेल. तिचा लेखनिक दुसरा कोणीतरी असेल, हे मी लेखी मागून घेतले आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, कारण तूही माझ्याच घरात वाढलेला आहेस आणि तुला उगाच सूट आवडणार नाही. दिवे लुकलुकल्यावर तू स्कोप पाहिला नाहीस, ती चूक तुझी. ती मी माझ्या नावावर घेतलेली नाही. तेव्हा पाहिला असतास, तर माझी सकाळची चूक त्याच दिवशी सापडली असती. पण चाळीस गार्ड तुझे नाहीत, आणि २१७ तुझा नाही. तू स्वतःबद्दल जे चौदा महिने खरे मानलेस, ते खरे नव्हते. मला ते चारशे दिवस माहीत होते.

तुझी वही रजिस्टर्ड पोस्टाने परत पाठवत आहे. त्यात मी एकच भर घातली आहे. ११.४० च्या ओळीत तुझे शेवटचे तीन शब्द आहेत, "दादांचा हात आहे." ते खोडलेले नाहीत, खोडायचा मला अधिकार नाही. त्यांच्यापुढे आजची तारीख घालून मी सही केली आहे.

क्षमा मागत नाही. तू मागितलीस तेव्हा मी उत्तर दिले नव्हते.

आईला आता संध्याकाळी फोन करत जा. मी घरात असलो तरी चालेल. उचलणार तीच.

ज्याच्या हातानंतर स्कोप पाहायलाच हवा, असा
तुझा
दादा